वेबर ३२/३६ कार्ब्युरेटरचे ओव्हरहॉल किट: पाच महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

फोर्डच्या जुन्या १९९३ सीसी पिंटो इंजिनावर बसलेल्या वेबर ३२/३६ डीजीएव्ही कार्ब्युरेटरसाठी, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागासाठी, मी एक ओव्हरहॉल किट (जुने झालेले भाग बदलण्याचा संच) मागवले होते. त्या किटचे हे परीक्षण आहे. किट वेबरचे नव्हे, दुसऱ्याच उत्पादकाचे आहे, आणि खोक्यावर ३२/३६ च्या सर्व प्रकारांना चालेल असा दावा छापलेला आहे. उघडून धुतलेला कोणताही कार्ब्युरेटर पहिल्या दिवशी चांगलाच चालतो, त्यामुळे त्या दिवशीच्या समाधानावर किटची परीक्षा होत नाही. म्हणून मी पाच महिने आणि सुमारे दोन हजार किलोमीटर वाट पाहिली, मधल्या काळात कशालाही हात लावला नाही, आणि शेवटी झाकण पुन्हा उघडून आतले भाग तपासल्यावरच लिहायला बसलो.

आधीची अवस्था सांगतो. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होत असे, पण तापलेले इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला गेले की पेट्रोलचा उग्र वास येई आणि स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागे. आयडलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असतानाचा, वेग मिनिटाला कधी ७०० तर कधी ११०० फेऱ्यांवर जाऊन थांबे. चारही प्लगांवर कोरडी काळी काजळी धरत होती. ॲक्सिलरेटर झटकन दाबला की इंजिन क्षणभर अडखळून मगच उचल घेई. ही सगळी लक्षणे एकाच दोषाची असतील असे वाटणे स्वाभाविक आहे, पण कार्ब्युरेटर उघडल्यावर ती चार वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली निघाली, आणि त्यांपैकी दोनच ठिकाणांवर किटचा इलाज चालला.

ज्यांनी हा कार्ब्युरेटर उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. ३२ आणि ३६ हे त्याच्या दोन नळ्यांचे मिलिमीटरमधील व्यास. लहान नळी ही प्राथमिक. सावकाश आणि मध्यम वेगात इंजिन तिच्यावरच चालते. ॲक्सिलरेटर बराच दाबला गेल्यावर लिंकेज (जोडदांड्या) मोठ्या नळीचा थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप, उघडू लागते. डीजीव्हीचा चोक, म्हणजे थंड इंजिनासाठी हवा रोखणारी झडप, हाताने ओढायचा असतो, डीजीएव्हीचा चोक इंजिनाच्या गरम पाण्यावर आपोआप उघडतो आणि डीजीईव्हीचा विजेवर. धडाची रचना तिन्हींत बहुतांशी सारखीच असल्यामुळे एकच किट तिन्हींना विकण्याची पद्धत पडली आहे. किटबद्दलच्या माझ्या बहुतेक तक्रारींचे मूळ या पद्धतीतच आहे.

खोक्यात झाकणाची तीन वेगवेगळी गॅस्केट, तळाचे एक गॅस्केट, पेट्रोलची आवक बंद-चालू करणारा नीडल व्हॉल्व्ह आणि त्याचे दोन वॉशर, पॉवर व्हॉल्व्हचा डायफ्रॅम (लवचीक पडदा), ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम आणि स्प्रिंग, आयडल जेटच्या होल्डरच्या ओ-रिंगा, आयडलचे मिश्रण ठरवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूची ओ-रिंग, काही बारीक क्लिपा आणि दोन बाजूंना छापलेला सूचनांचा एक कागद एवढे सामान होते. जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे बारीक भोकाचे भाग) नव्हते, फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी राखणारा भाग) नव्हता, थ्रॉटलच्या दांड्याचे बुश नव्हते आणि चोकच्या व्हॅक्युम डायफ्रॅमचाही पत्ता नव्हता. जेट नसणे मी दोष मानत नाही, कारण पितळी जेट सहसा झिजत नाही, आणि त्याचा योग्य आकार इंजिनावर ठरत असल्यामुळे किटवाल्याने अंदाजाने दिलेले जेट निरुपयोगीच ठरले असते. चोकचा डायफ्रॅम मात्र द्यायला हवा होता. तोही बाकीच्या डायफ्रॅमांइतकाच जुना होतो, आणि खोक्यावर डीजीएव्हीचे नाव घातल्यावर तो वगळण्याचे काही कारण उरत नाही.

रबराच्या दर्जाबद्दल मात्र किटला पूर्ण गुण द्यावे लागतील. दोन्ही डायफ्रॅम कापडी अस्तराचे, लवचीक आणि समान जाडीचे होते, कडा स्वच्छ कापलेल्या होत्या, आणि पेट्रोलमध्ये चार दिवस बुडवून ठेवलेली एक जादा ओ-रिंग न फुगता, न चिकटता जशीच्या तशी बाहेर आली. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. जुन्या काळचे रबर त्यात फुगते किंवा कडक होऊन तडकते, म्हणून कोणत्याही किटची ही परीक्षा बसवण्याआधीच घेऊन ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन. एक ओ-रिंग आणि झाकणाची बरणी यापलीकडे तिला काही लागत नाही.

आता गॅस्केटविषयी, कारण इथेच किटने मला जवळजवळ फसवले होते. झाकणाच्या तीन गॅस्केटपैकी एक उघडच दुसऱ्या प्रकारचे होते. उरलेल्या दोहोंपैकी पहिले माझ्या झाकणावर अगदी नेमके बसले, स्क्रूची सगळी भोके जुळली, बाह्यरेषाही जुळली, आणि दुसरे जरा जाड व सैल भोकांचे होते. कोणीही पहिलेच उचलले असते. मी जुन्या गॅस्केटचे अवशेष जपून ठेवले होते. ते नव्यावर ठेवून पाहिले तेव्हा एक बारीक भोक नव्यात नाही असे दिसले. ते भोक म्हणजे पॉवर व्हॉल्व्हच्या डायफ्रॅमकडे जाणारा व्हॅक्युमचा मार्ग होता.

त्या एका भोकाने काय बिघडले असते हे कळण्यासाठी पॉवर व्हॉल्व्हचे काम समजून घ्यायला हवे. झाकणाच्या आतल्या बाजूस एक डायफ्रॅम असतो, त्याला जोडलेली एक बारीक दांडी असते आणि तिच्या बरोबर खाली फ्लोट चेंबरच्या तळाशी एक छोटा व्हॉल्व्ह. इंजिनावर भार कमी असताना मॅनिफोल्डमधला (कार्ब्युरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या मार्गातला) व्हॅक्युम डायफ्रॅमला वर ओढून धरतो आणि खालचा व्हॉल्व्ह बंद राहतो. चढणीवर किंवा जोराने वेग घेताना व्हॅक्युम पडतो, स्प्रिंग दांडीला खाली ढकलते, व्हॉल्व्ह उघडतो आणि मेन जेटच्या जोडीला जादा पेट्रोल मिळून मिश्रण रिच होते. व्हॅक्युमचा मार्गच गॅस्केटने बुजवला तर डायफ्रॅमला वर ओढणारे काही उरत नाही, व्हॉल्व्ह कायम उघडा राहतो, आणि गाडी सपाट रस्त्यावर संथ चालतानाही चढणीवरच्या हिशेबाने पेट्रोल पीत राहते. असा दोष शोधणे फार अवघड असते, कारण इंजिन सुरू होते, चालते, जोरही दाखवते. फक्त प्लग काळे पडत राहतात आणि माणूस जेट बदलत बसतो. मी जाड गॅस्केट बसवले आणि नेमके दिसणारे बाजूला ठेवले.

जुना पॉवर व्हॉल्व्ह डायफ्रॅम काढला तेव्हा त्याला घडीच्या रेषेवर अर्ध्या सेंटिमीटरची चीर गेलेली आढळली. तापलेल्या इंजिनाच्या तक्रारीचा आणि काजळीचा मोठा वाटा याच चिरेचा होता, कारण फाटलेल्या डायफ्रॅममधून पेट्रोल थेट व्हॅक्युमच्या मार्गाने मॅनिफोल्डमध्ये ओढले जाते आणि त्यावर कोणत्याही जेटचे नियंत्रण राहत नाही. किटमधला डायफ्रॅम तीन स्क्रूंनी बसवला. स्क्रू आवळताना दांडी दाबून धरावी लागते, नाहीतर पडदा ताणलेल्या अवस्थेत घट्ट होतो आणि त्याला पूर्ण हालचाल मिळत नाही. बसवल्यावर दांडी आत दाबून व्हॅक्युमचे भोक बोटाने बंद करायचे आणि दांडी सोडायची; ती आतच राहिली तर डायफ्रॅम हवाबंद आहे. माझी दांडी मिनिटभर जागची हलली नाही. सूचनांच्या कागदावर या चाचणीचा उल्लेखही नाही.

त्याच कागदाची दुसरी आणि अधिक गंभीर चूक फ्लोटच्या मापात आहे. फ्लोट सेट करताना झाकण उभे धरायचे, नीडलच्या टोकाची स्प्रिंगची गोळी दाबली जाणार नाही इतपतच फ्लोटची जीभ तिला टेकू द्यायची, आणि झाकणाच्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या तळापर्यंतचे अंतर मोजायचे. पितळी फ्लोटसाठी हे अंतर ४१ मिलिमीटर आणि प्लॅस्टिकच्या फ्लोटसाठी ३५ मिलिमीटर असते. किटच्या कागदावर फक्त ३५ हा आकडा छापला आहे आणि तो कोणत्या फ्लोटसाठी आहे हे सांगितलेले नाही. माझा फ्लोट पितळी आहे. त्याला ३५ वर सेट केले असते तर पेट्रोल बंद होण्याच्या क्षणी फ्लोट सहा मिलिमीटर अधिक वर राहिला असता, चेंबरमधली पातळी तितकीच चढली असती, आणि जरा ब्रेक लावला किंवा वळण घेतले की पेट्रोल नळीत सांडले असते. कार्ब्युरेटरमधले प्रत्येक जेट पेट्रोलची पातळी ठरावीक आहे असे धरूनच काम करते. ती पातळी चुकली की पुढच्या ट्युनिंगला पायाच उरत नाही. एवढ्या महत्त्वाच्या आकड्याबाबत इतका निष्काळजीपणा मला खरोखर खटकला.

नीडल व्हॉल्व्ह स्वतः उत्तम निघाला. टोक रबरी आवरणाचे आहे, मागची गोळी मोकळी उसळते, आणि व्हॉल्व्ह उलटा धरून तोंडाने हवा फुंकली तर नुसत्या नीडलच्या वजनावरही हवा अडते. मात्र त्याच्यासोबतचे दोन वॉशर सारख्या जाडीचे नव्हते, आणि दोन्ही माझ्या जुन्या वॉशरपेक्षा जाड होते. वॉशर जाड झाला की व्हॉल्व्ह झाकणापासून तेवढा खाली येतो, फ्लोट लवकर पेट्रोल बंद करतो आणि पातळी उतरते. म्हणून आधी फ्लोट सेट करून मग वॉशर बदलणे हे उलटे काम आहे. वॉशर आणि व्हॉल्व्ह कायमचे आवळून झाल्यावरच माप घ्यावे, आणि घेतलेले माप किमान दोनदा पडताळावे. मला जीभ दोन वेळा अगदी किंचित वाकवावी लागली, तेव्हा ४१ मिळाले. फ्लोट मोकळा सोडल्यावर तो ५१ मिलिमीटरपर्यंत खाली यायला हवा, हेही तिथेच पाहून घेतले. ते अंतर कमी भरले तर जोरात चालताना चेंबर पुरेसा भरत नाही.

फ्लोट बसवण्याआधी मी तो गरम पाण्यात बुडवून पाहिला होता. पितळी फ्लोटला सूक्ष्म छिद्र असेल तर आतली हवा प्रसरण पावून बुडबुडे येतात. माझ्या फ्लोटमधून एकही बुडबुडा आला नाही.

ॲक्सिलरेटर पंपाच्या बाबतीत किटने आपले काम चोख केले. जुना डायफ्रॅम पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता, आणि गाडी अडखळण्याचे ते उघड कारण होते: थ्रॉटल एकदम उघडला की हवा तत्काळ वाढते, पेट्रोल मात्र जेटमधून यायला क्षणभर उशीर करते, आणि ती तूट भरून काढण्यासाठीच हा पंप असतो. नवा डायफ्रॅम बसवून, इंजिन बंद असताना, वरून नळीत पाहत थ्रॉटल हाताने उघडला तर नोझलमधून लगेच सरळ धार येते. धार येण्याआधी थ्रॉटलची जराही फुकट हालचाल होत असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा आवरणाचे स्क्रू तपासावेत. हे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आणि थोडे थोडे आवळावेत, कारण एक बाजू आधी घट्ट झाली तर पडद्याला सुरकुती पडते.

आयडल जेटच्या होल्डरच्या ओ-रिंगा मात्र किंचित बारीक आहेत. होल्डर शेवटपर्यंत आवळल्यावर त्या खोबणीत बसतात, पण दाबल्या जात नाहीत. मी जुन्या ओ-रिंगांचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून त्याच मापाच्या वेगळ्या मिळवल्या. इथून आत जाणारी हवा अगदी थोडी असली तरी आयडलचे मिश्रण मुळातच इतके कमी असते की ती लगेच जाणवते.

सफाईबद्दल थोडक्यात. सगळे रबर काढल्यावर धड आणि झाकण अल्ट्रासोनिक यंत्रात कोमट पाणी आणि सौम्य साबण घालून धुतले, प्रत्येक मार्गातून दाबाची हवा सोडली, आणि जेटमध्ये तार घातली नाही. मऊ पितळाला तारेचा ओरखडा पडला की जेटवरचा आकडा खोटा ठरतो. पेट्रोल आत येते तिथल्या पितळी षट्कोनी प्लगच्या मागे एक बारीक जाळी असते आणि ती पुष्कळांच्या नजरेतून सुटते. माझी अर्धी गंजाच्या चुऱ्याने भरलेली होती, म्हणजे टाकीही साफ करणे आले. झाकण उचलण्याआधी चोकच्या दांडीची चिमुकली क्लिप काढावी लागते. ती उडून थेट नळीत पडू शकते, म्हणून कार्ब्युरेटर मॅनिफोल्डवरून पूर्ण उतरवूनच हे काम करावे, आणि किटमधल्या जादा क्लिपा हाताशी ठेवाव्यात. त्या क्लिपा दिल्याबद्दल उत्पादकाचे आभार मानायला हवेत.

किटने जे दोष सुटणार नव्हते त्यांत पहिला झाकणाचा. पट्टी आडवी ठेवून फीलर गेज घातला तर मधोमध फट दिसली. कोणी तरी पूर्वी कडेचे स्क्रू अति आवळून झाकण वाकवले होते. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, झाकण हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकारात फिरवत ते सपाट केले. दुसरा दोष प्राथमिक थ्रॉटलच्या दांड्याचा. तो हाताने हलवला तर भोकात जाणवण्याइतका खेळतो, म्हणजे तिथून इंजिन हवा घेते. त्यासाठी धड बोअर करून बुश बसवावे लागतात आणि ते यंत्रशाळेचे काम आहे. घरी करण्यासारखे ते नाही, आणि कोणतेही किट ही झीज भरून काढणार नाही. माझ्या आयडलचा वेग आजही ५० फेऱ्यांनी वर-खाली होतो तो यामुळेच. खोक्यावर छापलेले ‘नव्यासारखा’ हे विशेषण म्हणूनच मला मान्य नाही. किट रबर आणि कागद नवे करते. धातूची झीज जिथल्या तिथे राहते.

ट्युनिंगला हात घालण्याआधी इंजिन त्यासाठी तयार असावे लागते. या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्हचे क्लिअरन्स ०.२० मिलिमीटर आणि एक्झॉस्टचे ०.२५ मिलिमीटर; ते थंड इंजिनावर तपासले, मग पॉइंट, मग इग्निशनचे टायमिंग, आणि सर्वात शेवटी कार्ब्युरेटर. हा क्रम उलटवला तर टायमिंगचा दोष मिश्रणाने झाकण्याचा प्रयत्न होतो, आणि पुढे काहीच धड लागत नाही.

वेबरच्या या कार्ब्युरेटरचे आयडल लावण्याची पद्धत कागदावर तीन ओळींत उरकली आहे, आणि त्या तीन ओळींत तिचे मर्म आलेले नाही. वेगाचा स्क्रू पूर्ण सैल करून थ्रॉटल बंद होऊ द्यायचा, स्क्रू लिव्हरला जेमतेम स्पर्श करेपर्यंत आत घ्यायचा, आणि तिथून अर्धा ते एक फेरा आणखी. मिक्श्चर स्क्रू बोटांच्या हलक्या जोरानेच तळाला टेकवायचा, कारण जोर केला तर त्याच्या निमुळत्या टोकावर कायमची खाच पडते, आणि तिथून दोन फेरे बाहेर काढायचा. इंजिन पूर्ण तापवून, चोक संपूर्ण उघडला आहे हे डोळ्यांनी पाहून, मिक्श्चर स्क्रू पाव पाव फेऱ्याने आत घेत जायचे. इंजिन खडखडू लागले की जिथे ते सर्वात गुळगुळीत चालते तिथपर्यंत परत बाहेर. मॅनिफोल्डला व्हॅक्युम गेज जोडले असेल तर ही जागा काट्यावर स्पष्ट दिसते.

मर्म आहे ते स्क्रू कुठे येऊन थांबले यात. वेगाचा स्क्रू स्पर्शानंतर दीड फेऱ्यापेक्षा जास्त आत जाता कामा नये, आणि मिक्श्चर स्क्रू दोनच्या आसपास, अर्धा फेरा इकडे-तिकडे, एवढ्यातच राहिला पाहिजे. थ्रॉटलच्या कडेजवळ नळीच्या भिंतीत प्रोग्रेशनची बारीक छिद्रे असतात. वेगाच्या स्क्रूने थ्रॉटल जास्त उघडला की ती आयडललाच उघडी पडतात, इंजिन त्यांच्यातून पेट्रोल घेऊ लागते, आणि मिक्श्चर स्क्रूच्या हाती नियंत्रण राहत नाही. त्यानंतर थ्रॉटल खरोखर उघडताना ज्या छिद्रांनी मदतीला यायचे ती आधीच खर्ची पडलेली असतात, म्हणून तिथे जोर क्षणभर खचल्यासारखा जाणवतो.

माझ्याकडे पहिल्या दिवशी नेमके हेच झाले. वेगाचा स्क्रू पावणेदोन फेरे आत आणि मिक्श्चर स्क्रू तीन फेरे बाहेर असेल तरच इंजिन नीट चाले, आणि वेग घेताना सुरुवातीलाच एक पोकळ जागा लागे. मिक्श्चर स्क्रू अडीच फेऱ्यांपलीकडे जाणे म्हणजे आयडल जेट लहान पडते आहे, आणि दीडच्या आतच समाधान होणे म्हणजे ते मोठे आहे. मी प्राथमिक बाजूचे आयडल जेट काढले. त्यावर ५० हा आकडा होता, म्हणजे ०.५० मिलिमीटरचे भोक. दुय्यम बाजूच्या जेटवर ५५ होता. उघडताना मी प्रत्येक जेटला चिठ्ठी लावून ते जिथून काढले तिथेच परत बसवले होते. माझ्या आधी कोणाच्या तरी हातून दोन्ही जेटांची अदलाबदल झालेली असणार ही शंका मला तेव्हा आली नाही. दोन्हींच्या जागा बदलल्या. ०.५० वरून ०.५५ हा फरक दिसायला लहान आहे, पण भोकाचे क्षेत्रफळ त्यामुळे एक पंचमांशाहून अधिक वाढते. पुन्हा पहिल्यापासून ट्युनिंग केल्यावर वेगाचा स्क्रू एका फेऱ्यावर, मिक्श्चर स्क्रू बरोबर दोनवर आणि आयडल ८०० वर आले, आणि व्हॅक्युमचा काटा पाऱ्याच्या १९ इंचांवर स्थिरावला. ती पोकळ जागा नाहीशी झाली.

या अनुभवाचा किटशी संबंध असा की, त्याच्या कागदावर स्क्रूंच्या मर्यादांबद्दल एक वाक्य जरी असते, तरी विकत घेणाऱ्या अनेकांना आपले जेट चुकीचे आहे हे घरीच कळले असते. त्याऐवजी ‘इंजिन सुरळीत चालेपर्यंत स्क्रू फिरवावा’ असे लिहिले आहे. त्या सूचनेप्रमाणे तीन फेऱ्यांवरही इंजिन उभ्या गाडीत सुरळीतच चालत होते.

तेव्हा हे किट घ्यावे का? ज्याच्याकडे व्हर्नियर आहे, इंजिनाचे मूळ मॅन्युअल आहे आणि जुना प्रत्येक भाग नव्याशेजारी ठेवून पाहण्याची चिकाटी आहे, त्याने निःशंक घ्यावे, कारण डायफ्रॅम आणि नीडल व्हॉल्व्ह हे दोन सर्वात महत्त्वाचे भाग त्यात खरोखर चांगले आहेत. जो केवळ सोबतच्या कागदावर विसंबून काम करणार आहे, त्याला मी हे किट सुचवणार नाही. त्याने आपल्या कार्ब्युरेटरच्या नेमक्या प्रकारासाठी, तळावर कोरलेला क्रमांक सांगून, वेगळे किट मागवावे.

पाच महिन्यांनी झाकण उघडले तेव्हा फ्लोटचे माप ४१ वरच होते. नीडलच्या टोकावर वलय उमटलेले नव्हते, दोन्ही डायफ्रॅम मऊ होते, प्लग फिकट तपकिरी होते. तापलेले इंजिन आता स्टार्टरच्या दोन-तीन फेऱ्यांत सुरू होते. चेंबरच्या तळाशी पांढरट भुकटीचा पातळ थर मात्र दिसला. गाडी तीन आठवडे उभी होती, आणि इथेनॉलने ओढलेला ओलावा तिथे बसला असावा. यापुढे गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर चेंबर रिकामा करून ठेवीन. झाकणाचे जाड गॅस्केट पेट्रोल पिऊन इतके फुगले होते की बाहेर काढल्यावर त्याची भोके स्क्रूंशी जुळेनात, त्यामुळे ते पुन्हा वापरता आले नाही. मग पहिल्या दिवशी बाजूला ठेवलेले, नेमके बसणारे गॅस्केट घेतले, झाकणावर ठेवून व्हॅक्युमच्या मार्गाची जागा पेन्सिलने आखली, पोकळ पंचाने तिथे भोक पाडले, आणि सध्या कार्ब्युरेटरवर तेच बसलेले आहे.